आठव्या वर्षीचे लग्न: देवरुखची गोदू, कल्याणची यमुना आणि बालपणीच्या जखमांची व्याख्या

१/
रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख. १८७० च्या दशकातील गोष्ट. जोशांच्या घरातील गोदू नावाच्या मुलीचे आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आत नवरा वारला. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच ती विधवा झाली. तिच्या वाट्याला आलेल्या या गोष्टीला त्या काळच्या बोलीत एकच नाव होते: प्रारब्ध.

२/
अशा गोष्टींसाठी आजच्या वैद्यकात ‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ अशी संज्ञा आहे. ती जेमतेम पाव शतकापूर्वी रूढ झाली. मात्र बालपणी कोणत्या गोष्टीला इजा म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न पुष्कळ जुना आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या काही मुलींनी तो एकोणिसाव्या शतकातच विचारला होता. हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

३/
आधी आजची व्याख्या पाहू. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलाच्या वाट्याला आलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा अपमान, उपेक्षा, घरातील हिंसा, घरातल्या कुणाचे व्यसन, मानसिक आजार किंवा तुरुंगवास, आईवडिलांची ताटातूट, अशा अनुभवांचा हा गट आहे. नंतरच्या आयुष्यातील आजारांशी या अनुभवांचे नाते जोडले गेले, तेव्हा त्यांना वैद्यकशास्त्रात स्थान मिळाले.

४/
हे नाते उघडकीस आले ते काहीसे योगायोगाने. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेत अतिस्थूल रुग्णांसाठी उपचारवर्ग चालवीत. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण मध्येच उपचार सोडून जात. असे का होते, याचा उलगडा त्यांना होईना.

५/
या रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्यावर अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आले. वाढलेले वजन हा डॉक्टरांच्या दृष्टीने आजार होता. काही रुग्णांच्या लेखी मात्र तो आडोसा होता, जगाची नजर टाळण्याचा उपाय होता. एवढी वर्षे हे कोणी सांगितले नव्हते, कारण तसा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

६/
पुढे फेलिटी आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. पहिला शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिकूल अनुभवांचे सात प्रकार होते. नंतर शारीरिक उपेक्षा, भावनिक उपेक्षा आणि आईवडिलांची फारकत यांची भर पडून ते दहा झाले.

७/
निष्कर्ष धक्कादायक होते. निम्म्याहून अधिक लोकांनी निदान एक तरी प्रतिकूल अनुभव नोंदवला. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसांचे आणि यकृताचे जुनाट आजार यांचे प्रमाणही अनुभवांच्या संख्येबरोबर वाढत गेलेले दिसले.

८/
मनावरचा घाव शरीरापर्यंत पोहोचतो कसा? संकटाची चाहूल लागताच शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके स्रवतात. हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो. संकट टळले की सारे पूर्ववत होते. भीती रोजचीच असेल, तर ही यंत्रणा विसावतच नाही. वाढत्या वयात असे घडले की मेंदूची जडणघडण, झोप आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. त्यात मन शांत करण्यासाठी धरलेली व्यसने शरीर आणखी पोखरतात.

९/
आता ही दहा प्रकारांची यादी घेऊन देवरुखच्या गोदूकडे वळू. आठव्या वर्षी लावून दिलेले लग्न या यादीत कोठेच बसत नाही. तीन महिन्यांनी आलेले वैधव्यही बसत नाही. सणासमारंभातून मुलीला दूर ठेवणे, तिच्या दर्शनाला अपशकुन मानणे, यांना थेट रकाना नाही. आईवडील व्यसनी नसतील, हात उगारणारे नसतील, तर अशा मुलीच्या नावापुढे कदाचित शून्य पडले असते.

१०/
असे का व्हावे? या यादीने घराची घडी कोठे मोडली एवढेच शोधले होते. त्या काळच्या कोकणातील उच्चवर्णीय घरांत मुलीला होणारी इजा घडी मोडल्याने होत नसे, तर ती नीट पाळल्याने होई. मुलीला वेळेत उजवणारा बाप कर्तव्यदक्ष ठरे. लेकीवर जीव असलेली माणसेच हे करीत आणि समाज त्यांना नावाजीत असे.

११/
हा तेव्हाचा सर्वसाधारण रिवाज होता. दापोलीजवळच्या मुरुड गावचे धोंडो केशव कर्वे यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले. वधू राधाबाई आठ वर्षांच्या होत्या. राधाबाई १८९१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाळंतपणात वारल्या. गोदू आणि राधाबाई, दोघींचे लग्न आठव्या वर्षीच झाले होते. एकीचे कुंकू तीन महिन्यांत पुसले गेले, दुसरी ऐन तारुण्यात गेली.

१२/
विधवेचे आयुष्य म्हणजे काय, हे मोठी होता होता मुलीला टप्प्याटप्प्याने कळे. आधी दागिने आणि कुंकू जाई. मग हळदीकुंकवाची बोलावणी थांबत. न्हाणे आल्यावर बहुधा केशवपन आणि अंगावर आलवण. एकभुक्त राहणे, उपासतापास, घरातील अंगमेहनतीची कामे. शुभकार्याला निघालेल्या माणसाने तोंड पाहू नये, अशी तिची गणना. यांतील एकेक गोष्ट धर्म म्हणून सांगितली जाई.

१३/
कायदा झालेला होता. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा, म्हणजे गोदूच्या जन्माआधीचा. महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांच्या जिवासाठी. पण कायद्याने जे होऊ दिले, ते गावाने होऊ दिले नाही. कायद्याच्या पुस्तकापेक्षा गावाचा बहिष्कार जवळचा होता.

१४/
१८८४ मध्ये मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवरची टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वाद पेटला. वादाचा सूर मात्र समाजाचे भले, राष्ट्राचे बळ, शास्त्राचा अर्थ आणि सरकारचा अधिकार यांभोवती फिरत राहिला. ज्या मुलीविषयी हे सारे चालले होते, तिला स्वतःला काय वाटते, हे विचारणारे थोडे होते.

१५/
ते उत्तर न विचारताच आले. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्रे छापून आली. लिहिणाऱ्या होत्या रखमाबाई. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा नवरा दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला आणण्यासाठी दावा लावला होता. अजाण वयात, संमतीवाचून झालेले लग्न आपल्याला बांधत नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती.

१६/
१८८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. बालवधूची संमती हा प्रश्न त्यांच्यामुळे न्यायालयाच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला.

१७/
याहूनही नेमके शब्द एका खाजगी पत्रात आहेत. गोदूच्याच पिढीतली कल्याणची यमुना जोशी, जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव टपाल खात्यातला, वीसेक वर्षांनी मोठा. लग्नानंतरचे नाव आनंदी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. मुलाच्या या मृत्यूतूनच तिने डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

१८/
गोपाळरावांनी पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतला होता, हे सर्वज्ञात आहे. तो ध्यास मारहाणीसह आला होता, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेत वैद्यकीचे शिक्षण घेत असताना आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेल्या एका पत्रात याचा वयवार हिशेब आहे: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी विचित्र शिक्षा.

१९/
त्याच पत्रात त्या पुढे या वागणुकीचे मोजमाप करतात. अंतिम हेतू पाहिला तर ती योग्य वाटते. पण लहान मुलाच्या मनावर होणारा संभाव्य परिणाम ध्यानात घेतला तर ती चूकच होती, असे त्यांचे म्हणणे. पुढे मिळालेल्या यशामुळे आधीचा मार योग्य ठरत नाही, हे त्यांनी नवऱ्याला लिहिले. फेलिटींचा निबंध त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आला.

२०/
मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. क्षय जंतूंमुळे होतो, त्याचा ठपका बालपणावर ठेवता येणार नाही. एवढेच म्हणता येते, की अवघ्या एकवीस वर्षांच्या त्या आयुष्यात शरीराला विसावा फार थोडा मिळाला.

२१/
सरकारदरबारी इजा मान्य झाली ती शरीरापुरती. १८९० मध्ये कोलकात्यात हरिमोहन मैती या प्रौढ पुरुषावर खटला चालला. त्याची बालपत्नी फूलमणी लग्नसंबंधातील इजेने मरण पावली होती. मुलीने दहा वर्षे पूर्ण केली होती, म्हणून तेव्हाच्या कायद्यात तो बलात्कार ठरू शकला नाही. शिक्षा झाली ती एका वर्षाच्या सक्तमजुरीची.

२२/
त्याच सुमारास भारतात काम करणाऱ्या पंचावन्न स्त्री डॉक्टरांनी सरकारला अर्ज केला. रुग्णालयात आलेल्या बालवधूंच्या इजांची उदाहरणे त्यांनी त्यात जोडली. बालविवाहाचे परिणाम वैद्यकीय पुरावा म्हणून मांडण्याचा हा मोठा प्रयत्न होता. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली.

२३/
या वादातील दोन मोठी नावे रत्नागिरी जिल्ह्याची होती. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. मुलींचे लग्न सोळा वर्षांआधी करू नये असे सुधारकांनी आधी स्वतःपुरते बंधन घालून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. परक्या सरकारचा कायदा त्यांना मान्य नव्हता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणचे. कायदा शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले आणि आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाहही केला.

२४/
दोन्ही बाजूंचा पांडित्यपूर्ण युक्तिवाद आजही वाचनीय आहे. पण त्या कायद्याने इजेची जी व्याख्या केली, ती फार अरुंद होती: बारा वर्षांखालील देहावर झालेली जबरदस्ती. तेराव्या वर्षीच्या मुलीला तिचे संरक्षण नव्हते. ज्या मुलीला कोणी स्पर्शही केला नाही, पण आठव्या वर्षापासून जिला अशुभ ठरवले, तिच्याविषयी तर कायदा काहीच बोलत नव्हता.

२५/
त्या मुलीकडे, गोदूकडे, परत येऊ. वैधव्याची वर्षे घरकामात गेली. तिचे भाऊ नरहरपंत जोशी शिक्षणासाठी मुंबईत होते आणि धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही होते. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे शिकायला आलेली पहिली विधवा गोदूबाई होत्या. वय विशीच्या पुढचे, शिक्षणाचा श्रीगणेशा तेव्हा होत होता.

२६/
शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंचे स्वतःचे बालपणही हालाखीचे होते. आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पायपीट करण्यात ते गेले. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण यांना त्यांनी डोळ्यांदेखत गमावले. ऐन तारुण्यात पतीही गेला. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीचे वर्णन केले, आणि ते पुस्तक त्यांनी आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतीशी जोडले.

२७/
शारदा सदनाच्या प्रारंभाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात गोदूबाई आणि विधुर झालेले कर्वे यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात त्या बाया म्हणून ओळखल्या जात. मुरुड गावाने बहिष्कार घातला. कर्वे ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसायचे नाही आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. गावाच्या भल्यासाठी याच कर्व्यांनी आधी मुरुड फंड उभारला होता.

२८/
एका विवाहाने एका स्त्रीचा प्रश्न सुटतो, हे कर्व्यांनी ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका साध्या झोपडीत गेला. जागा रावबहादूर गोखले यांनी दिली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे, हा कर्व्यांचा क्रम झाला.

२९/
हिंगण्याला मुलींना काय मिळाले? पोटभर अन्न. ठरलेली दिनचर्या. रोज भेटणारी, न रागावणारी मोठी माणसे. सारख्याच दुःखातून आलेल्या सोबतिणी, ज्यांच्यात कोणीच अशुभ नव्हती. अक्षरओळख आणि पायांवर उभे राहण्याची वाट. प्रतिकूल अनुभवांचा भार हलका करणाऱ्या गोष्टी म्हणून आजचे बालविकासशास्त्र जवळपास हेच सांगते: एका तरी विश्वासू मोठ्या माणसाचा स्थिर आधार, सुरक्षित जागा आणि आपल्या हातून काही होते हा अनुभव.

३०/
आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची कथा त्याला साक्ष आहे. जन्म देवरुखचाच, १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मुलगा. केशवपन झालेल्या या बाईने हिंगण्याला येऊन शिक्षण घेतले, आश्रमाचे काम अंगावर घेतले आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. पुढे केशवपनाची रूढी त्यांनी स्वतःपुरती मोडली. इंग्रजीचा गंध बेताचा असतानाही त्या १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या.

३१/
दोघी बहिणींनी आपली हकीकत लिहून ठेवली: पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ ची, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. फेलिटी आणि अँडा यांनीही प्रौढांनाच बालपण आठवायला सांगितले होते. रीत तीच, आणि तिची मर्यादाही तीच: सांगायला जे उरले त्यांचेच आपल्याला कळते. माजघरात झिजून गेलेल्या, विहीर जवळ केलेल्या मुलींची पुराणे कोणी लिहिली नाहीत. गोदू सावरली, म्हणून वैधव्य सोसण्याजोगे होते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

३२/
उलट चूकही टाळायला हवी. बालपण वाईट गेले म्हणजे आयुष्य संपले, असे हे शास्त्र सांगत नाही. आकडे समूहाचा धोका दाखवतात, एका माणसाचे भविष्य नाही. एकेका व्यक्तीचे निदान करण्यासाठी हे गुणांकन वापरू नये, असा इशारा खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दिला. आठव्या वर्षी अशुभ ठरलेल्या आनंदीबाई कर्वे १९५० पर्यंत, म्हणजे ऐंशीच्या पुढे जगल्या.

३३/
मूळ यादी अपुरी आहे, हेही पुढे मान्य झाले. पहिल्या पाहणीतील बहुसंख्य लोक गोरे, शिकलेले आणि आरोग्यविमा असलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने इतर देशांसाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात घराबाहेरची हिंसा, युद्ध, समवयस्कांकडून होणारा छळ असे विषय आले. शिवाय सुरुवातीलाच काही प्रश्न आले: तुमचे पहिले लग्न कितव्या वर्षी झाले? जोडीदार तुम्ही स्वतः निवडला होता का? नसेल, तर तुमची संमती होती का?

३४/
रखमाबाईंनी न्यायालयापुढे मांडलेला प्रश्न हाच. त्यांना उत्तरादाखल तुरुंगाची धमकी मिळाली होती. सव्वाशे वर्षांनी तो आरोग्यविषयक प्रश्नावलीत दाखल झाला. व्याख्या रुंदावत गेली, तसतशी कालपर्यंत प्रारब्ध, शिस्त किंवा धर्म म्हणवली जाणारी गोष्ट इजा म्हणून मोजता येऊ लागली. आणि मोजता आल्यावर ती टाळण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारता येऊ लागले.

३५/
हा विषय संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. १९२९ चा शारदा कायदा झाला, २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा झाला. तरीही गरिबी, स्थलांतर आणि मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती यांपोटी आईबाप घाई करतात. आजही यामागे बहुतेक वेळा काळजीच असते, जशी देवरुखात होती.

३६/
म्हणूनच व्याख्येचा इतिहास कामाचा आहे. मोठ्यांचा हेतू चांगला होता का, एवढेच विचारले तर १८७० च्या दशकातले देवरुख निर्दोष सुटते आणि गोपाळरावही सुटतात. मुलावर परिणाम काय झाला, असे विचारले तर उत्तर बदलते. आनंदीबाई जोशी यांनी दोन्ही प्रश्न वेगळे केले आणि दोन्हींची उत्तरे दिली. बालपणीच्या जखमांची कोणतीही यादी करताना आधी त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांकडून ऐकावे लागते.

(समाप्त)